सीझनची पहिली घाट राईड : चिखलदरा, डिसेंबरची थंडी, आणि हळू चालवणारे आधी

खडीसाखर

दिवाळी आटोपली, सायकलींवरची धूळ पुसून झाली आणि ग्रुपवर एकदाचं ठरलं : डिसेंबरचा दुसरा रविवार, चिखलदरा. आपला सीझन दिवाळी ते होळी. त्यानंतर नागपुरात सायकल म्हणजे पहाटे पाचला निघून सातच्या आत घरात. त्यामुळे सुरुवातीलाच घाट घेतला हे मला आवडलंय.

बेत असा. शनिवारी दुपारी गाड्यांवर सायकली टाकून अमरावतीमार्गे परतवाडा, मुक्काम तिथेच. रविवारी सकाळी परतवाड्याहून धामणगाव गढी, मोथा, चिखलदरा. उतरताना तोच रस्ता नाही, घटांगवरून परत परतवाडा. परतवाडा समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आतबाहेर, चिखलदरा १११८. म्हणजे सातशे मीटरचा चढ, तोही सपाटीवर वाढलेल्या आपल्या पायांना.

गेले काही दिवस ग्रुपवर एकच विषय चाललाय : चढ. किती टक्के, मागच्या चाकाला २८ दातांचं गिअरचक्र भागेल की ३२ चं (जास्त दात, सोपा चढ) घ्यावं, मधे पाणी मिळेल का. उताराबद्दल एका माणसानं विचारलेलं नाही. म्हणून हा धागा.

चढताना थंडी वाजत नाही हो. पेडलला आपण जेवढी ताकद देतो त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता शरीर वाया घालवतं, म्हणून ताशी आठ किलोमीटरनं रांगतानाही डिसेंबरात जर्सी पिळून निघते. वर पोचलो की ती भट्टी बंद. अंगात ओला कपडा, आणि पुढचा सगळा वेळ पाय न हलवता समोरून वारा. हवा १० अंश असेल आणि तुम्ही ४० च्या वेगानं उतरत असाल, तर उघड्या कातडीला ती ६ अंशांसारखी लागते. हवा ५ असेल तर उणे १ च्या आसपास. हे कोरड्या अंगाचं गणित आहे, ओल्या बनियनचं त्यात धरलेलंच नाही.

तर माझं म्हणणं तीन गोष्टींबद्दल, आणि त्यातली पहिली कोणाला आवडणार नाही हे मला माहीत आहे.

हळू चालवणारे आधी निघतील. साडेसहाला पहिली तुकडी, सातला मधली, साडेसातला आपले वाघ. आपल्यात पहिला आणि शेवटचा वर पोचण्यात तासाभराचं अंतर पडतं. सगळे एकदम निघाले तर सगळ्यात जास्त घाम गाळलेला माणूस सगळ्यात जास्त वेळ वर वाऱ्यात उभा राहतो. उलट केलं तर सगळे नऊ-साडेनऊच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटांच्या फरकानं पोचतील.

जॅकेट, कोरडा बनियन आणि पूर्ण बोटांचे हातमोजे ज्याचे त्याने स्वतःजवळ बाळगायचे. गाडीत नाही.

आणि दहाच्या आधी कोणी उतरायला लागायचं नाही.

बोला आता.

तर्रीबाज

ताई, म्हंजे आमी झोपून राहाचं अन् बाकीचे पुढे निघून जातीन? ग्रुप राईडले मंग ग्रुप कायले म्हंता? सकाळी सकाळी सगळे एकासंग निघाले तं मजा येते. फोटो बी सगळ्याइचा एकच होते.

खडीसाखर

फोटो परतवाड्यात साडेसहाला काढू. तू उठलास तर.

निवांत

हळू चालवणाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून बोलतो. आजवरच्या प्रत्येक घाट राईडला मी वर पोचलो की लोक म्हणतात, "आला का? चला निघू." त्यांचा चहा झालेला, भजी झालेली, अंग गार पडलेलं, सगळे निघायच्या घाईत. मला श्वास घ्यायलाही वेळ नाही. आणि मी घामानं निथळत त्यांच्यामागे उतारावर. ताईंच्या सूचनेला माझं दोन्ही हातांनी अनुमोदन, ब्रेक सोडून.

वऱ्हाडी ठेचा

मी परतवाड्याचाच. दोन गोष्टी सांगतो, मग ठरवा.

एक म्हणजे साडेसहा चालेल. तेव्हा फटफटलेलं असतं, सूर्य पावणेसातच्या पुढे. धामणगाव गढीपर्यंत रस्ता जवळपास सपाट, दोन्ही बाजूंनी शेतं न् संत्र्याचे बगीचे. झाडी दाट व्हायच्या आत उजेड चांगला असेल. त्याच्या आधी मात्र कोणी शहाणपणा करू नका. मेळघाटात वाघाची भीती सगळ्यांना वाटते, पण गाठ पडायची ती अस्वलाशी. पहाटेच्या अंधारात ते तुम्हाला दिसत नाही आणि सायकलचा आवाज त्याला येत नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. वर जाऊ तशी थंडी वाढते हे दुपारचं गणित झालं. निरभ्र रात्र असली की गार हवा जड होऊन रात्रभर खाली उतरते, ओढ्या-नाल्यांच्या कडेनं साचून राहते. सूर्य उगवायच्या वेळी पायथ्याशी नाल्याजवळ बोटं गळतात आणि थोडं वर चढलं की हवा ऊबदार लागते. आमच्याकडच्या कोणत्याही दूधवाल्याला विचारा. म्हणजे पहिल्या तुकडीला सगळ्यात जास्त थंडी घाटात नाही, परतवाड्याबाहेर पडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात वाजेल. त्यांनी जॅकेट घालूनच निघावं आणि चढ लागला की काढावं. घामानं भिजायच्या आत काढावं, भिजल्यावर नाही.

खडीसाखर

ठेचाभाऊ, हे माझ्या हिशेबात नव्हतं. पहिल्या तुकडीनं जॅकेट घालून निघायचं आणि चढाच्या तोंडाशी सगळ्यांनी एकत्र थांबून काढायचं. नोंदवलं.

घटांगच्या बाजूला ऊन कधी येतं?

वऱ्हाडी ठेचा

उशिरा. झाडी दाट, वळणं डोंगराच्या सावलीत. दवानं रस्ता ओला असतो आणि सागाची पानं पडलेली असतात. ओल्या पानावर पुढचा ब्रेक दाबला की पुढचं काही सांगायला नको. दहा वाजता ठीक आहे, साडेदहा असतील तर आणखी बरं. पण साडेदहापर्यंत हे सगळे वर करणार काय?

तर्रीबाज

रबडी.

पेन्शनर

रबडीबद्दल मतभेद नाही. हवामानाबद्दल थोडं.

नागपूरचं आजवरचं सगळ्यात कमी तापमान ३.५ अंश, २९ डिसेंबर २०१८. त्याआधीचा विक्रम ७ जानेवारी १९३७ चा, ३.९ होता. म्हणजे ऐंशी वर्षं टिकलेला विक्रम एका पहाटे मोडला. हे घाबरवायला नाही सांगत. डिसेंबरचा दुसरा रविवार बहुधा सौम्य असेल. पण उत्तरेकडून कोरडा वारा सुटला की आपल्याकडे पारा दोन दिवसांत पाच-सहा अंश खाली येतो, आणि राईड ठरवली तेव्हाचा अंदाज काही कामाचा राहत नाही. शुक्रवारी रात्री आकाश पाहा. ढग असतील तर निश्चिंत जा, ढगांचं पांघरूण असताना रात्र तापमान धरून ठेवते. चांदण्या लख्ख दिसत असतील आणि वारा पडलेला असेल, तर ठेचाभाऊंचा पायथ्याचा गारठा नक्की समजा.

नवखा

मी यंदाच सायकल घेतली आहे, हायब्रिड. माझ्याकडे विंडचीटर नाही. तिबेटी लोकांच्या स्वेटर बाजारातून घेतलेला लोकरीचा स्वेटर आहे, तो चालेल का? की महागाचं सायकलिंग जॅकेट घ्यावंच लागेल?

खडीसाखर

महागाचं काही लागत नाही. लोकरीचा एक गुण मोठा : ओली झाली तरी ऊब देते. सुती टी-शर्ट ओला झाला की अंगाला चिकटतो आणि उलट गारवा ओढतो, म्हणून आत सुती अजिबात नको. पण स्वेटरमधून वारा आरपार जातो. वरून पातळ नायलॉनचं काहीही चालेल, पावसाळ्यातला रेनकोटाचा वरचा भागसुद्धा. फक्त चढताना तो घालायचा नाही, आत घामाचं तळं होतं.

आणि तेही नसेल तर वर्तमानपत्र. जर्सीच्या आत, छातीवर, दोन पानी घडी. थट्टा नाही. युरोपातल्या मोठ्या शर्यतींत घाटमाथ्यावर प्रेक्षकांच्या हातून पेपर घेऊन जर्सीत कोंबायची जुनी रीत आहे. घाम शोषतो, वारा अडवतो, खाली आल्यावर फेकून द्यायचा. म्हणजे कचराकुंडीत, मेळघाटात नाही.

तर्रीबाज

रविवारचा पेपर जाड राह्यते. पुरवणी पाठीवर घेतो मी.

ऑर्थोकाका

खडीसाखर, तुझ्या मूळ लेखात एक मुद्दा राहिला, बोटांचा. उतारावर सगळा भार दोन बोटांवर असतो, तर्जनी आणि मधलं. बोटं गार पडली की पहिल्यांदा जाते ती संवेदना, मग ताकद. ब्रेक किती दाबला हे कळेनासं होतं आणि माणूस एकतर कमी दाबतो किंवा घाबरून एकदम आवळतो. मी हाडं जोडण्यात आयुष्य घालवलंय. कॉलरबोन आणि मनगट, या दोन्ही गोष्टी उताराच्या वळणावरच मोडतात. चढात पडून मोडलेलं मनगट माझ्याकडे फारसं आलं नाही.

उतरताना हुडहुडी भरली आणि हँडल थरथरायला लागलं तर थांबायचं. ग्रुप पुढे गेला तर जाऊ दे. सायकल कडेला लावून, उतरून, जागच्या जागी उड्या मारा, हात खाली सोडून जोरात हलवा. सोबतचा माणूस बोलताना अडखळायला लागला, झिप लावता येईना, विचारलेल्या प्रश्नाचं भलतंच उत्तर द्यायला लागला, तर त्याला पुढे उतरू देऊ नका, गाडीत बसवा. तो म्हणेल "मी ठीक आहे". तरीही बसवा.

ज्यांना दमा आहे त्यांनी पंप खिशात ठेवायचा, बॅगेत नाही. थंड कोरड्या हवेत जोरात श्वास घेतला की नळ्या आवळतात, हे चढाच्या पहिल्या टप्प्यातही होऊ शकतं.

घाटमाथा

जॅकेट स्वतःजवळ, या मुद्द्याला माझं शंभर टक्के समर्थन. मागे एका ग्रुपबरोबर (नाव घेत नाही) मध्य प्रदेशातल्या तामियाला गेलो होतो. सगळ्यांच्या बॅगा टेम्पोत. टेम्पो नियमाप्रमाणे शेवटच्या माणसाच्या मागे, आणि शेवटच्या माणसाचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) वाकलेला. आम्ही दहा-बारा जण वर, अर्ध्या बाह्यांच्या ओल्या जर्सीत, टपरीच्या चुलीभोवती उकिडवे. टपरीवाल्या आजींनी शेवटी आतून एक गोधडी आणून दिली, ती आम्ही तिघांनी मिळून पांघरली. टेम्पो येईपर्यंत चहाचे किती ग्लास झाले ते विचारू नका.

तर्रीबाज

पण भाऊ, आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ ले रॅम केली, ते अमेरिका आरपार सायकल शर्यत, पुढच्या वर्षी ते ट्रान्स-सायबेरियन का काय ते नऊ हजार किलोमीटर. तेथी तं सगळं सामान गाडीतच असते नं?

घाटमाथा

अरे राजा, तिथे एका सायकलस्वारामागे अख्खी गाडी आणि माणसांची फौज असते. खिडकीतून हात काढला की जॅकेट. आपल्याकडे सोळा जणांत एक गाडी, आणि ती नेमकी जो पंचर झालाय त्याच्यापाशी.

इतिहासखोर

विषयांतर आहे, पण डिसेंबर आणि धामणगाव वाचून राहवलं नाही.

१८०३ च्या डिसेंबरात याच डोंगरांतून इंग्रजांची एक फौज वर गेली होती. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात, किल्लेदार बेनीसिंग. आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून, आणि स्टीव्हन्सनची तुकडी जड तोफा घेऊन डोंगराच्या वळशानं गडाच्या उत्तरेला. रस्ता नव्हताच. धामणगावाकडून दऱ्याखोऱ्यांतून त्या तोफा हातांनी ओढत नेल्या, ७ ते १२ डिसेंबर. १५ तारखेला गड पडला, बेनीसिंग लढता लढता गेला, आणि दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावच्या तहात रघूजी भोसल्यांना (दुसरे) कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला. नागपूरच्या राज्याचा कणा त्या आठवड्यात मोडला म्हणायला हरकत नाही.

तेव्हा मागे ३२ लागेल की ३४ यावर वाद घालणाऱ्यांनी तोफ ओढणाऱ्याचाही थोडा विचार करावा. वर वेळ असेल तर गड बघा. दहा-साडेदहापर्यंत काय करायचं हा प्रश्नही सुटतो.

खडीसाखर

इतिहासखोर, गड नीट बघायचा तर अर्धा दिवस हवा, आणि सायकलचे बूट घालून त्या पायऱ्यांवर मी कोणाला सोडणार नाही. पण ही गोष्ट शनिवारी रात्री परतवाड्यात जेवताना सांगा. तुम्ही येताय ना?

इतिहासखोर

गाडीत.

नवखा

गिअरचं विचारू का? माझ्या सायकलला पुढे तीन चेनरिंग (पेडलजवळच्या दातेरी चकत्या) आहेत, सगळ्यात लहान २८ आणि मागे ३२.

घाटमाथा

तुझी सायकल या ग्रुपमध्ये सगळ्यात शहाणी आहे. रोडबाईकवाले पुढे ३४ आणि मागे २८ घेऊन उभं राहून घाट चढतील आणि तू बसून शिट्टी वाजवत जाशील. फक्त तोपर्यंत रविवारी दोनदा सेमिनरी हिल्सला जा. एकदा चढून "जमलं" म्हणून घरी येऊ नको, खाली-वर खाली-वर कर. जमलं तर एकदा रामटेकला जाऊन गडाचा चढ घे. नागपुरात याहून जास्त उंच काही मिळत नाही आपल्याला. आणि तिथेच उतरण्याचाही सराव कर. सगळे चढाचा सराव करतात.

उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नकोस. वळणाच्या आधी वेग कमी कर, वळणात सोड, पुन्हा वळणाआधी. धरून ठेवलास तर रिम तापते, आणि हात दमतात ते वेगळंच. नजर पुढच्या चाकावर नको, वळण जिथे संपतं तिथे.

वऱ्हाडी ठेचा

आणि एसटी. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची हा नियम आहे, तो सायकलीलाही लागू. वळणावर एसटी वर येताना दिसली तर डावीकडे पूर्ण थांबा, ड्रायव्हरला अख्खं वळण लागतं. त्याला हात करा, तोही करतो. माकडांना खायला देऊ नका. वर गायी-म्हशी रस्त्यात बसलेल्या असतात, ऊन खात. त्या उठणार नाहीत, तुम्हीच वळा.

निवांत

एक व्यावहारिक शंका. वर पोचल्यावर बनियन बदलायचा कुठे? सोळा माणसं, त्यात चार बायका.

खडीसाखर

हा प्रश्न पुरुषांनी विचारला याचा आनंद झाला. गाडी आमच्यासाठी, पडदे लावून. म्हणून या वेळी गाडी शेवटच्याच्या मागे न ठेवता मधल्या तुकडीबरोबर वर पाठवतेय. शेवटी कोणी अडकलं तर फोन. घाटात फोन लागेलच याचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक तुकडीत शेवटचा माणूस ठरलेला असेल आणि त्याच्याकडे पंप, दोन ट्यूब, चेनची जोडकडी. फास्ट तुकडीचा शेवटचा माणूस तर्रीबाज.

तर्रीबाज

मी?? ताई, मी तं सगळ्यात पुढे राह्यतो.

खडीसाखर

म्हणूनच.

पेन्शनर

वर पोचल्यावरचा क्रम लिहून ठेवा : आधी बनियन, मग चहा. सगळे उलट करतात. चहाचा ग्लास हातात आला की माणूस दहा मिनिटं ओल्या कपड्यात गप्पा मारतो, आणि शरीरातली ऊब घाम वाळवण्यात जाते. एक लिटर घाम वाळायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. ती कुठून येणार? तुमच्यातूनच. कपडे बदलून उन्हात बसा, मग चहा काय, चिखलदऱ्याची कॉफी घ्या. विदर्भात कॉफी पिकते ती तिथेच.

निवांत

म्हणजे कपडे, कॉफी, रबडी, उतार. मला हा क्रम मान्य आहे.

ऑर्थोकाका

रबडी पाव वाटी. पोट जड करून उतरलात तर झोप येईल. खाली परतवाड्यात पोचून मग हवं तेवढं खा.

तर्रीबाज

काका, पाव वाटी रबडीसाठी मी सातशे मीटर चढून राहिलो का?

वऱ्हाडी ठेचा

डब्यात बांधून आणा, सायकलच्या पिशवीत. खाली येईपर्यंत थंडगार राहते, फ्रीज लागत नाही.

बाकी परतवाड्यात जेवायचं काय ते मला विचारा. रात्री तिखट जेवून पहाटे घाट चढायचा विचार असेल तर आधीच सांगतो, नको. साधं वरण-भात, पोळी. तर्रीबाजनं नावाला जागू नये.

घाटमाथा

साडेसहा-सात-साडेसात मला पटलं. एकच दुरुस्ती : फास्टवाल्यांनी मधल्या तुकडीला ओलांडताना "डावीकडून" वगैरे ओरडत जायचं नाही. उजवीकडून, आवाज देऊन, हळू. मागच्या वर्षी कोणीतरी घंटी वाजवत माझ्या कोपराला घासून गेलं होतं.

तर्रीबाज

तो मी नव्हतो.

खडीसाखर

मग ठरलं. तुकड्यांची यादी गुरुवारी टाकते. ज्याला आपली तुकडी बदलायची आहे त्यानं आधी सांगा, पण "मला फास्टमध्ये टाका" असं सांगणाऱ्यानं सेमिनरी हिल्सचा व्हिडिओ पाठवायचा. शुक्रवारी रात्री पेन्शनरकाका आकाश बघून कळवतील. पायथ्याला पाच अंशांच्या खाली असेल तर पहिली तुकडी सातला, बाकी तशाच अर्ध्या-अर्ध्या तासानं पुढे, आणि उतार साडेदहाला. राईड रद्द होणार नाही.

सायकलींचं : माझ्या गाडीवर चार, घाटमाथाच्या कॅरिअरवर तीन, बाकी टेम्पोत उभ्या, मधे जुन्या चादरी. टेम्पोवाल्यांनी पुढची चाकं काढून, फ्रेमवर आपलं नाव टेपनं चिकटवून आणा. थ्रू-ॲक्सलवाल्यांनी (ज्यांच्या चाकाचा आस स्क्रूसारखा फिरवून काढावा लागतो) आपापली ॲलन की आणा, गेल्या वेळी एकाच किल्लीवर सगळे थांबलो होतो. शनिवारी दुपारी एक वाजता, वाडी नाका.

नवखा

ताई, माझं पुढचं चाक काढायला पाना लागतो. तो आणू?

खडीसाखर

आण. पंधरा नंबरचा असेल. आणि तो स्वेटरही.